औषधांचा डबा आणि आमचा मोती

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



भाषण करण्याची मला सवय नाही. दरवर्षी या दिवशी मी मागे फराळाच्या ताटांपाशी असते आणि तेच मला बरे वाटते. परंतु चिटणीसबाईंनी या खेपेला आग्रहच धरला की, तुमच्या घरी जे घडले ते तुम्हीच उभे राहून सांगा. डॉक्टर येऊन सांगतात तेव्हा आपण मान हलवतो आणि घरी जाऊन विसरतो, असे त्यांचे म्हणणे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा जंतूंची मोठाली नावे उच्चारताना चूक झाली तर सांभाळून घ्यावे. एक दोन नावे मात्र मला चांगली पाठ झाली आहेत, कारण ती आमच्या घरात वर्षभर मुक्कामाला होती.

माझे माहेर दौंड तालुक्यातले आणि सासर शिरूर तालुक्यातले. भीमेच्या पलीकडची मी, अलीकडे आले. दोन्हीकडे ऊस, दोन्हीकडे दुधाची जनावरे आणि दोन्हीकडे दाराशी कुत्रे. आमच्याकडे तर उसात बिबट्या येऊ लागल्यापासून कुत्रे ही हौस राहिलेली नाही. रात्री ते वेगळ्या सुरात भुंकले की आम्ही उठून दाराची कडी पुन्हा चाचपतो. आमच्या कुत्र्याचे नाव मोती. तो रंगाने काळाकुट्ट आहे. नाव धाकट्याने ठेवले, तेव्हा कारण विचारण्यात अर्थ नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात मोतीचे वाडीतल्या कुत्र्यांशी भांडण झाले व त्याच्या मागच्या पायाला जखम झाली. जखमेत पू धरला. जनावरांचे डॉक्टर दूर, आणि गाय असती तर आम्ही त्यांना त्याच दिवशी बोलावले असते. कुत्र्यासाठी कोण बोलावतो? माझ्या फडताळात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता. त्यात घरातल्या सगळ्यांच्या उरलेल्या गोळ्या. मामंजींच्या खोकल्याच्या वेळच्या, थोरल्याच्या घशाच्या, माझ्या दाढेच्या वेळच्या. तुम्ही हसता आहात, म्हणजे तो डबा तुमच्याही घरी आहे.

त्या डब्यातली एक कॅप्सूल मी उघडली आणि तिची पूड दुधात कालवलेल्या भाकरीत घालून मोतीला चारली. असे तीन दिवस केले. खपली धरलेली दिसली, मी औषध बंद केले. पंधरा दिवसांनी खपलीखाली पुन्हा पू. मग दुसऱ्या रंगाची कॅप्सूल. ती दोनच शिल्लक होती, म्हणून दोनच दिल्या. भगिनींनो, खरे सांगते, मला त्या वेळी आपण फार हुशारीने संसार करतो असे वाटत होते. औषध वाया गेले नाही आणि डॉक्टरांचे पैसेही वाचले.

मोतीची जखम धुण्याचे काम थोरला करी. तो तेव्हा दहावीला होता. दिवाळीच्या सुमारास त्याच्या मांडीला गळू झाले. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय पाच दिवसांच्या कॅप्सूल मिळाल्या. त्यातल्या त्याने तीन दिवसांच्या घेतल्या, ठणका थांबला, उरलेल्या माझ्या डब्यात जमा झाल्या. महिन्याने काखेत दुसरे गळू. मग पाठीवर तिसरे. आम्ही म्हटले, उष्णता झाली असेल. सब्जा दिला, दुधात गुलकंद दिला. गळू आपले येतच राहिले.

आता मुख्य गोष्टीकडे येते. सासूबाईंना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. नव्या चपलेने त्यांच्या पायाला फोड आला आणि तो फुटला. मधुमेहात पायाला लागलेले समजत नाही, हे आपल्यापैकी पुष्कळजणींना घरच्या अनुभवाने ठाऊक असेल. त्या संध्याकाळी ओट्यावर पाय सोडून बसत आणि मोती येऊन तो पाय चाटी. मी हटकले, तर म्हणाल्या, "चाटू दे गं. कुत्र्याच्या जिभेला औषध असतं." ही समजूत माझ्या आईचीही होती. मी गप्प बसले.

आठ दिवसांत पाय सुजला, ताप भरला. इथे इंजेक्शने झाली, उतार पडेना, म्हणून पुण्याला नेले. तिथेही पहिले तीन दिवस दिलेले औषध लागू पडले नाही. दोन बोटे काळी पडली होती, ती काढावी लागली. मी त्यांच्या उशाशी बसले होते. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिल्यांदा विचारले, "मोतीला भाकरी कुणी घातली?"

तिथल्या डॉक्टरांनी जखमेतला पू काढून तपासायला पाठवला होता. या तपासणीला कल्चर म्हणतात. मला वाटले काही यंत्राचे काम असेल. पण आमची एक भाची औषधशास्त्राचे शिकते, ती भेटायला आली होती. ती म्हणाली, "मामी, कल्चर म्हणजे विरजणच. तू दुधाला दही लावतेस तसे ते पुवातले जंतू बशीत वाढवतात." मग मला सगळे एकदम कळले. त्या बशीत जंतूंचा थर वाढायला ठेवताना वर निरनिराळ्या औषधांत बुडवलेल्या कागदाच्या बारीक चकत्या ठेवतात, आपल्या कपाळाच्या टिकलीएवढ्या. दुसऱ्या दिवशी पाहायचे. ज्या टिकलीभोवती स्वच्छ रिंगण पडले, तिथे जंतू मेले, ते औषध लागू. ज्या टिकलीला जंतू अगदी चिकटून उगवले, ते औषध म्हणजे नुसते पाणी. सासूबाईंच्या बशीत बऱ्याच टिकल्यांना रिंगणच नव्हते. अशा जंतूला एमआरएसए म्हणतात. मूळ जंतूचे नाव स्टॅफिलोकॉकस ऑरियस. तो तसा परका नाही. दर तीन-चार धडधाकट माणसांमागे एकाच्या नाकात तो मुकाट राहतो आणि त्रास देत नाही. पण कातडीला भेग पडली, शरीर थकले, की आत शिरतो. आणि हा जो आमच्याकडे आला होता, तो पेनिसिलिनच्या घराण्यातल्या जवळजवळ सगळ्या औषधांना जुमानत नाही.

डॉक्टरांनी विचारले, घरात आणखी कुणाला गळवे होतात का, जनावर पाळले आहे का? आमच्या ह्यांनी थोरल्याचे सांगितले आणि मोतीचेही सांगितले. झाले. सासूबाईंना शिरेतून वेगळे महागडे औषध सुरू झाले, आणि घरी त्याच रात्री बैठक बसली. मामंजी म्हणाले, कुत्र्याने घरात रोग आणला. दिरांनी टेंपो काढायची तयारी दाखवली. चौफुल्याच्या पुढे हमरस्त्याला सोडून द्यायचा, परत वास काढीत यायचा नाही. धाकटा मोतीला कवटाळून अंगणात बसला होता. सगळे बोलत होते आणि मी ऐकत होते. मग मी आत गेले, फडताळातला डबा आणला आणि सगळ्यांच्या पुढे उघडा ठेवला. म्हटले, आधी हे पाहा. मोतीला काय काय दिले आणि किती दिले, ते सांगितले. थोरल्याच्या उरलेल्या कॅप्सूलही दाखवल्या. सासूबाईंच्या जखमेलाही मी पहिल्या दोन दिवशी यातल्याच एका कॅप्सूलची पूड लावली होती, तेही सांगितले. मला लग्नाला पंचवीस वर्षे होत आली. सासरच्या माणसांसमोर त्या रात्री रडले तशी त्याआधी कधी रडले नव्हते.

कुणी काही बोलले नाही. टेंपो मात्र निघाला नाही.

दुसऱ्या आठवड्यात जनावरांच्या डॉक्टरांनी मोतीच्या जखमेतला पू कापसाच्या काडीवर घेऊन पुण्याला पाठवला. उत्तर तेच आले, एमआरएसए. थोरल्याच्या गळवाचेही तेच. मला वाटले, आता मामंजींचे खरे ठरले. पण डॉक्टर म्हणाले, "ताई, हा जंतू मुळात माणसाचा आहे. कुत्र्याच्या कातडीचा जंतू वेगळा असतो, याचाच चुलत भाऊ, स्टॅफिलोकॉकस स्यूडिंटरमीडियस. तोही औषधांना दाद देईनासा झाला आहे आणि कधीमधी माणसालाही लागतो. पण कुत्र्याच्या अंगावर हा माणसाचा जंतू सापडला, तर बहुतेक वेळा तो घरातल्या माणसाकडूनच त्याच्याकडे गेलेला असतो." मी विचारले, मग आमच्या घरी आधी कुणाला होता? ते म्हणाले, ते या कागदावरून कुणालाच सांगता येणार नाही. तिघांचे कागद सारखे, एवढेच यावरून म्हणता येते. मुलाकडून कुत्र्याला, कुत्र्याकडून आजींना, की मुलाकडूनच दोघांना. जंतू दोन्ही वाटांनी ये-जा करतो.

हे ऐकल्यावर भाचीकडून मी आणखी माहिती विचारून घेतली. त्यातली एक हकीकत सांगण्याजोगी आहे. पेनिसिलिनचा शोध अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ साली लागला व त्यासाठी १९४५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या समारंभाच्या भाषणात त्यांनी एका कल्पित माणसाची गोष्ट सांगितली. त्याचा घसा दुखतो. तो आपल्या मनाने पेनिसिलिन आणून अपुरे घेतो. जंतू मरत नाहीत, उलट औषध पचवायला शिकतात. मग ते त्याच्या बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, तिला तेच औषध देतात आणि ते चालत नाही. बायको मरते. शोध लावणाऱ्यानेच हे सांगून ठेवले होते. गोष्टीत चूक नवऱ्याची आहे. आमच्या घरी डबा माझ्या ताब्यात होता, एवढाच फरक.

पेनिसिलिन काही आपल्या जिल्ह्याला परके नाही. पिंपरीचा हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना १९५४ साली स्थापन झाला, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी त्याला मदत केली, आणि १९५५ पासून तिथे पेनिसिलिन होऊ लागले. माझे आजोबा दौंडला रेल्वेत होते. त्यांच्या धाकट्या भावाच्या हाताला यंत्रात जखम होऊन विषार चढला होता, तो पिंपरीच्या औषधाने वाचला, असे आजी सांगे. गाडी पिंपरीवरून जाताना ती खिडकीतून कारखान्याला हात जोडायची. तेव्हा आम्हाला हसू येई. जे औषध तिला देवासारखे वाटले, ते मी कुत्र्याच्या भाकरीत अर्धे-मुर्धे कालवले.

अर्ध्या औषधाने काय होते ते शेतातल्या बाईला निराळे सांगायला नको. घाईने खुरपले की मऊ तण निघते आणि हराळी राहते. आठ दिवसांनी पाहावे तो सगळे रान हराळीचे, कारण तिच्याशी भांडणारे दुसरे तण आपणच काढून टाकलेले असते. गरज नसताना औषध घेतले तरी तेच. साध्या सर्दी-पडशाचे विषाणू या औषधांनी मरत नाहीत, पण पोटातले, कातडीवरचे गरीब जंतू मरतात आणि हराळीला जागा मोकळी होते.

एमआरएसए पहिल्यांदा १९६१ साली इंग्लंडात सापडला. पुढे १९७२ साली बेल्जियममध्ये दगडी झालेल्या गाईंच्या दुधात तो आढळला. म्हणजे माणसाकडून जनावराकडे जायची वाट पन्नास वर्षांहून जुनी आहे. कुत्र्यांचे उदाहरण हवे तर अमेरिकेतले आहे. तिथे २०१६ ते २०१८ या काळात दुकानातून विकत घेतलेल्या कुत्र्याच्या पिलांमुळे शंभराहून अधिक माणसांना जुलाब झाले. जंतू दुसरा होता, कॅम्पिलोबॅक्टर, आणि नेहमीची औषधे त्याच्यावर चालेनात. चौकशी झाली तेव्हा कळले की, पाहिलेल्या बहुतेक पिलांना अँटिबायोटिक दिलेले होते आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक पिलांना आजार नसताना, नुसती खबरदारी म्हणून. पैसेवाल्या देशातही डबा असतोच, एवढे मला त्यावरून समजले. साऱ्या जगात २०१९ या एका वर्षात औषध न जुमानणाऱ्या जंतूंनी सुमारे १२ लाख ७० हजार माणसे नेली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

आपल्यापैकी बहुतेकजणींच्या घरी दूध आहे, म्हणून एक गोष्ट मध्येच सांगते. गाईच्या सडात दगडीची ट्यूब सोडली की डॉक्टर इतके दिवस दूध घालू नका म्हणतात. आपण घरच्यांपुरते म्हणून ते वापरतो. त्या दुधाला विरजण नीट लागत नाही, हे कितीजणींनी पाहिले आहे? मी पाहिले होते आणि विरजणाला नावे ठेवली होती. त्या दुधात औषध उतरलेले असते व ते विरजणातले जंतू मारते. तेच दूध आपण मांजराला ओततो, वासराला पाजतो आणि पोरांच्या पेल्यात घालतो. पोल्ट्री असलेल्या भगिनींना ठाऊक असेल, कोलिस्टिन नावाचे औषध २०१९ पासून कोंबड्यांना व खाण्याच्या जनावरांना द्यायला सरकारने बंदी केली आहे. ते माणसाचे अगदी शेवटच्या वेळी वापरायचे औषध आहे.

दुकानातून चिठ्ठीशिवाय घेण्याबद्दलही नियम आहे. २०१४ पासून काही अँटिबायोटिके देताना दुकानदाराने रोगी आणि डॉक्टर यांची नावे वहीत लिहायची असतात. आणि पाकिटावर एक उभी लाल रेघ असते. ती रेघ दिसली की समजावे, हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून घ्यायचे नाही. माझ्या डब्यातल्या एकूण एक पाकिटावर ती रेघ होती. कुंकवाची रेघ लांबून ओळखणारी मी, ही मला इतक्या वर्षांत दिसली नव्हती.

आमच्या घरी पुढे काय झाले ते सांगते. थोरल्याच्या गळवाला डॉक्टरांनी चीर देऊन पू काढला, रोज धुवायला सांगितले आणि औषध कागद पाहून दिले. त्याचा टॉवेल, साबण, अंथरूण वेगळे केले. चादरी गरम पाण्यात धुऊन उन्हात टाकल्या. मोतीला जंतुनाशक औषधाच्या पाण्याने दिवसाआड अंघोळ आणि जखमेवर मलमपट्टी. डॉक्टरांनी त्याला गोळी दिली नाही. मी दोनदा मागितली, दोनदा नाही म्हणाले. कुत्र्याच्या अंगावर हा जंतू सहसा घर करून राहत नाही, घरातली माणसे बरी झाली आणि जखम मिटली की बहुधा आपोआप जातो, असे त्यांनी सांगितले. तसेच झाले. दोन महिन्यांनी पुन्हा काडी फिरवून पाठवली, तेव्हा काही सापडले नाही. जखमेला हात लावण्यापूर्वी आणि नंतर साबणाने हात धुणे, हा आमच्याकडे आता मामंजींपासून सगळ्यांना नियम आहे. मामंजी कुरकुरतात, पण धुतात.

सासूबाई दोन बोटांवाचून चालायला शिकल्या. पायात मोजा असतो. मोती ओट्यापाशी येतो, पण त्या पाय वर घेतात आणि त्याच्या डोक्यावर काठीने हळूच टोचतात. तो पायरीखाली बसतो. त्यांना डब्याची हकीकत मीच सांगितली. पुष्कळ वेळ त्या बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "चाटू दे म्हणणारी मीच ना? तू एकटीच कशाला घेतीस अंगावर?" त्यांनी असे म्हटले, तरी माझ्या मनातून ते जात नाही.

पत्र्याचा डबा आता रिकामा आहे. उरलेल्या गोळ्या नदीत किंवा उकिरड्यावर टाकायच्या नाहीत, कोंबड्या उकरतात आणि पाणी पुन्हा आपल्याच हंड्यात येते. म्हणून त्या भाचीबरोबर पाठवल्या, तिच्या कॉलेजात असा कचरा वेगळा जमा करतात. चिटणीसबाईंशी माझे बोलणे झाले आहे. पुढच्या महिन्याच्या हळदीकुंकवाला भाची येणार आहे. त्या दिवशी प्रत्येकीने येताना आपापला डबा, आहे तसा, न आवरता घेऊन यावा. काय ठेवायचे आणि काय नाही, ते ती पाहून सांगेल. जनावरांची औषधेही आणावीत, ती गोठ्यातल्या कोनाड्यात असतात, ती विसरू नयेत.